पाच वर्षं थांबलेली शवपेटी

जर्मनीतल्या श्पायरच्या कॅथेड्रलमध्ये मी आजवर सात-आठ वेळा तरी गेले असेन. मानहाइमहून ते जवळ, त्यामुळे भारतातून कुणी आलं की रविवारी त्यांना तिकडे घेऊन जायचं, हे आमच्या घरी ठरूनच गेलंय. पाहुणे आधी तळघरात उतरतात. लाल-पिवळसर दगडाचे ते बुटके खांब, त्यावरच्या कमानी आणि पलीकडे राजे-महाराजांच्या ओळीने मांडलेल्या समाध्या. मीही पहिल्या दोन वेळा तेच पाहिलं. आता मात्र पाहुण्यांना तळघरात सोडते आणि वर येऊन उत्तरेकडच्या लहान चॅपलमध्ये बसते. संत आफ्राच्या नावाचं चॅपल आहे ते. मोठ्या कॅथेड्रलच्या कुशीत असल्यासारखं, चटकन लक्षात न येणारं.

या चॅपलमध्ये एका सम्राटाचं प्रेत पाच वर्षं पुरल्यावाचून पडून होतं.

1106 ते 1111. जर्मनीचा राजा आणि सम्राट हेन्री चौथा. हे कॅथेड्रल त्याच्या आजोबांनी बांधायला घेतलं, आणि त्याने स्वतः ते निम्मंअधिक उतरवून पुन्हा भव्य करून बांधलं. वडील, आजोबा, आजी सगळे इथेच पुरलेले. त्याची जागा त्यांच्या शेजारी ठरलेली. पण मेला तेव्हा तो धर्मबहिष्कृत, म्हणजे पोपने चर्चबाहेर टाकलेला होता, आणि बहिष्कृत माणसाला पवित्र केलेल्या जमिनीत पुरता येत नाही. हे चॅपल तेव्हा नुकतंच बांधलेलं, अजून त्याचा अभिषेक व्हायचा होता, म्हणजे धर्माच्या हिशेबाने ती नुसती चार भिंतींची खोली होती. म्हणून शवपेटी इथे ठेवली. ज्या इमारतीवर त्याने आयुष्यभर पैसा ओतला, तिच्या उंबऱ्याशी तो पाच वर्षं थांबला.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझी आजी आठवली.

आजीचं माहेर कोकणातलं. तिच्या लहानपणी गावातलं एक घर वाळीत टाकलेलं होतं. कारण काय होतं ते ती कधी नीट सांगायची नाही. बहुतेक तिलाही ते फारसं पटलेलं नसावं. पण वाळीत टाकणं म्हणजे काय, ते मात्र ती बारकाईने सांगायची. त्यांच्या दोराला विहिरीवर जागा नाही. त्यांच्याकडे कुणी विस्तव मागायला जायचं नाही, त्यांना द्यायचा नाही. एका वर्षी त्यांचं भाताचं बियाणं भिजून गेलं, तर गावात कुणी पायलीभर बी दिलं नाही, आणि कुठून तरी आणून रोप केलं तर लावणीला कुणी आलं नाही. पुढे त्या घरातला म्हातारा गेला, भर श्रावणात. खांदा द्यायला चार माणसं मिळेनात. मुलगा आणि परगावचा जावई, दोघांनी मिळून बैलगाडीत घालून नेलं. आजी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. ती म्हणायची, "गाडी आमच्या घरावरनं गेली. बाबांनी दार लोटून घेतलं. पावसात चाकाचा आवाज येत होता."

शाळेतल्या इतिहासात मध्ययुगीन पोपची सत्ता एका परिच्छेदात उरकली होती. पोप राजांना पदच्युत करत असे, वगैरे. तेव्हा प्रश्न पडायचा की हे व्हायचं कसं? पोपकडे फौज ती कितीशी, आणि आल्प्सच्या पलीकडे जर्मनीत बसलेल्या राजाला रोममधला एक म्हातारा धर्मगुरू गादीवरून उतरवतो म्हणजे नक्की काय करतो? आजीचं ते लोटलेलं दार मनात होतं, म्हणून मला पुढे या प्रश्नाचं उत्तर समजलं असं मला वाटतं.

आता थोडं मागे जाते.

1046 साली परिस्थिती अगदी उलटी होती. रोममध्ये पोपपदावर एकाच वेळी तिघांचा दावा होता, आणि त्यातल्या एकाने, बेनेडिक्ट नवव्याने, ते पद चक्क पैसे घेऊन दुसऱ्याला दिलं होतं. तेव्हा जर्मनीचा राजा हेन्री तिसरा, आपल्या हेन्रीचा बाप, फौज घेऊन इटलीत उतरला, सुत्री गावात धर्मसभा भरवली, दावेदार बाजूला केले आणि आपल्या पसंतीचा जर्मन बिशप पोप म्हणून बसवला. पदावरून उतरवलेल्यांपैकी ग्रेगरी सहाव्याला जर्मनीत हद्दपार केलं. त्याच्याबरोबर त्याचा एक तरुण सेवक गेला, हिल्डेब्रांड नावाचा. राजा पोपला कसा उचलून फेकतो, हे या पोराने अगदी जवळून पाहिलं. सत्तावीस वर्षांनी तोच पोप झाला, आणि त्याने नाव घेतलं ग्रेगरी सातवा.

ग्रेगरीला खलनायक करून ही गोष्ट सांगतात, ते मला पटत नाही. त्या काळी बिशपची पदं विकली जात होती. राजा स्वतःच्या हाताने नव्या बिशपला अंगठी आणि दंड द्यायचा. अंगठी म्हणजे बिशपचं त्याच्या धर्मप्रांताशी लागलेलं लग्न, दंड म्हणजे मेंढपाळाची काठी. ही दोन्ही चिन्हं तलवार बाळगणाऱ्या माणसाच्या हातून मिळावीत, हे ग्रेगरीच्या जिव्हारी लागलेलं होतं. राजाचीही अडचण खरी होती. बिशपांकडे गावं होती, जकाती होत्या, लढाईला पाठवायचे घोडेस्वार होते. बिशप नेमता आला नाही तर राज्य चालवायचं कुणाच्या जिवावर? दोघांच्याही बाजूला काहीतरी खरं होतं, म्हणून तर ते भांडण पन्नास वर्षं चाललं. शेवटी 1122 साली वर्म्सला तह झाला आणि जर्मनीत राजाने अंगठी व दंड सोडले, राजदंड तेवढा आपल्याकडे ठेवला.

1075 च्या पोपच्या पत्रव्यवहाराच्या वहीत सत्तावीस वाक्यांची एक यादी आहे. छोटी छोटी विधानं. पोपचा न्याय कुणीही करू शकत नाही. सर्व राजांनी पाय चुंबायचे ते फक्त पोपचे. पोप सम्राटाला पदच्युत करू शकतो. आणि सगळ्यात शेवटचं, मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं: दुष्ट धन्याला दिलेल्या निष्ठेच्या शपथेतून पोप प्रजेला मुक्त करू शकतो.

सगळी कळ या शपथेत होती. त्या काळच्या राजाकडे पगारी नोकरशाही नव्हती. कायमची फौजही नव्हती. राज्य म्हणजे एकमेकांना दिलेल्या वचनांची साखळी. सरदाराने राजाच्या हातात हात देऊन, देवाला साक्षी ठेवून शपथ घ्यायची, त्याच्या खालच्याने त्याला द्यायची. आता ज्या देवाला साक्षी ठेवलं त्याच्याच वतीने कुणी म्हणालं की ही शपथ आता बांधत नाही, तर साखळीतली प्रत्येक कडी आपापल्या जागी उभी राहून विचार करू लागते. शिवाय बहिष्कृत माणसाला मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना नाही, संस्कार नाहीत, त्याच्या पंगतीला बसायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. बोलणाराही बाटतो. राजाशी बोललं की आपण बाटू, अशी भीती दरबारात शिरली की दरबार राहतोच कुठे?

जानेवारी 1076 मध्ये हेन्रीने वर्म्सला बिशपांची सभा बोलावली आणि ग्रेगरीला पत्र धाडलं. सुरुवातच अशी की हिल्डेब्रांड, तू आता पोप नाहीस, ढोंगी भिक्षू आहेस. आणि शेवट असा की त्या आसनावरून खाली उतर. हेन्री तेव्हा पंचविशीचा. बाप गेला तेव्हा सहा वर्षांचाही नव्हता. अकरा वर्षांचा असताना कोलोनच्या आर्चबिशपने त्याला ऱ्हाइन नदीत नावेवर बोलावून नाव सोडून दिली, म्हणजे पळवलंच त्याला. पोराने घाबरून नदीत उडी टाकली, एका सरदाराने मागोमाग उडी घेऊन बाहेर काढलं. असं बालपण गेलेला राजा बिशपांवर आणि पोपवर विश्वास कसा ठेवणार, हे मला नेहमी वाटतं.

पुढच्याच महिन्यात ग्रेगरीने रोमच्या सभेत उत्तर दिलं. ते उत्तर हेन्रीला उद्देशून नव्हतंच. ती संत पेत्राला केलेली प्रार्थना होती. हे पेत्रा, तुझ्या नावाने मी हेन्रीचं राज्य काढून घेतो, सर्व ख्रिस्ती माणसांना त्याच्या शपथेतून सोडवतो आणि त्याला बहिष्कृत करतो. एवढंच. एक माणूस उभा राहून प्रार्थना करतो आणि आल्प्सपलीकडे दारं लोटली जाऊ लागतात.

लगेच नाही लोटली. ईस्टरला उट्रेख्टच्या बिशपने उलट पोपलाच शाप दिला. पण महिन्याभरात तो बिशप मेला, आणि लोकांनी त्याचा अर्थ लावला. उन्हाळ्यात एकेक बिशप, एकेक सरदार दिसेनासा झाला. ज्यांना आधीपासून हेन्री नको होता, त्यांना तर शपथ मोडायला धर्माचा आधारच मिळाला. ऑक्टोबरात ते ऱ्हाइनच्या एका तीरावर जमले, हेन्री दुसऱ्या तीरावर. त्यांनी कळवलं की बहिष्काराला वर्ष व्हायच्या आत तो उठला नाही तर तू आमचा राजा नाहीस. फेब्रुवारीत आउग्सबुर्गला पोप स्वतः येऊन निवाडा करेल असंही ठरवलं.

हेन्री तेव्हा श्पायरमध्येच राहिला होता. इथूनच, डिसेंबरात, नाताळच्या थोडं आधी तो निघाला. बरोबर बायको बेर्था, तीन वर्षांचाही नसलेला मुलगा कोनराड आणि मोजकी माणसं. दक्षिणेकडचे घाट शत्रूंनी अडवलेले, म्हणून पश्चिमेचा लांबचा वळसा. वाटेत सासू भेटली, तिचा मुलूख ओलांडायचा होता, तर तिनेही आधी जमीन मागितली आणि मग वाट दिली. त्या वर्षीची थंडी पुढे कित्येक पिढ्यांनी सांगावी अशी होती. ऱ्हाइन गोठलेली होती, आल्प्सच्या घाटात सगळा बर्फाचा काच झालेला. लाम्बर्ट नावाच्या भिक्षूने लिहून ठेवलंय की पुरुष हातापायांवर रांगत, वाटाड्यांच्या खांद्याला धरून उतरले, आणि राणीला व तिच्या बायकांना बैलाच्या कातड्यांवर बसवून ओढत खाली आणलं. हा लाम्बर्ट हेन्रीच्या विरोधातला, आणि गोष्ट रंगवून सांगण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. तरीही ते कातड्यावर बसलेलं तीन वर्षांचं पोर माझ्या डोळ्यासमोरून हलत नाही.

ग्रेगरी आउग्सबुर्गला यायला निघालेला. राजा इटलीत उतरलाय कळल्यावर त्याला वाटलं फौज घेऊन आलाय, आणि तो आपेनाइन डोंगरातल्या कानोसाच्या किल्ल्यात शिरला. किल्ला तोस्कानाच्या माटिल्डाचा. ती हेन्रीच्या नात्यातली, पण पोपच्या बाजूची.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात हेन्री दाराशी आला. पुढचं मी लाम्बर्टच्या नाही, खुद्द ग्रेगरीच्या शब्दांवरून सांगते, कारण त्याने जर्मन सरदारांना पत्र लिहून सगळं कळवलं होतं. तीन दिवस राजा किल्ल्याच्या दाराशी होता. राजचिन्हं सगळी उतरवलेली, अनवाणी, अंगावर लोकरीचं साधं वस्त्र, रडत दया मागत होता. आणि पुढे ग्रेगरी लिहितो की माझ्याभोवतीचे सगळे रडत त्याच्यासाठी रदबदली करत होते, माझं मन इतकं कठीण कसं याचं त्यांना नवल वाटत होतं, आणि काहीजण तर म्हणाले की ही धर्मगुरूची कठोरता नव्हे, हा जुलमी माणसाचा क्रूरपणा आहे.

हे वाक्य त्याने लपवलं नाही. स्वतःविरुद्धचा आरोप स्वतःच्या हाताने लिहून पाठवला. यासाठी मला या माणसाविषयी मनापासून आदर वाटतो.

आत काय चाललं होतं त्याची कल्पना करा. माफ केलं तर जर्मन सरदार म्हणणार, आम्हाला तोंडघशी पाडलंस. राजा सुटणार, परत जाऊन बळ जमवणार. राजकारण सांगत होतं की दार उघडू नकोस. पण ग्रेगरी आधी धर्मगुरू होता. दाराशी पश्चात्ताप करत उभ्या असलेल्या माणसाला परत पाठवायचं, तर मग ज्या अधिकाराने त्याला बाहेर काढलं तो अधिकार कसला? बांधायचा आणि सोडायचा, दोन्ही अधिकार एकाच किल्लीचे. शेजारी क्लुनीचा मठाधिपती ह्यू बसलेला, ज्याने बाप्तिस्म्याच्या वेळी बाळ हेन्रीचा धर्मपिता म्हणून हात धरला होता. माटिल्डाही विनवत होती. 28 जानेवारी 1077 ला दार उघडलं. हेन्री आत आला, जमिनीवर पालथा पडला, ग्रेगरीने त्याला उठवलं आणि ख्रिस्तप्रसाद दिला.

कोण जिंकलं, यावर नऊशे वर्षं वाद चाललाय. 1872 साली जर्मन चॅन्सलर बिस्मार्कने संसदेत 'आम्ही कानोसाला जाणार नाही' असं म्हटलं, तेव्हापासून जर्मन भाषेत कानोसा म्हणजे मान खाली घालून जाणं. मला त्या वादात रस नाही. माझ्या मते पोपसत्तेचा सगळ्यात मोठा क्षण तो, कारण तिथे तिने आपल्या नुकसानीचं असलेलं दार उघडलं.

पुढचं भराभर सांगते. सरदारांनी तरीही दुसरा राजा निवडला. यादवी झाली. 1080 मध्ये ग्रेगरीने हेन्रीला पुन्हा बहिष्कृत केलं, आणि या वेळी फारशी दारं लोटली गेली नाहीत. बरेच बिशप हेन्रीकडेच राहिले. लोकांना पहिल्या वेळी देवाचा आवाज ऐकू आला होता, दुसऱ्या वेळी पक्ष दिसला. 1084 मध्ये हेन्रीने रोम घेतलं, आपला पोप बसवला आणि त्याच्याकडून सम्राटपदाचा मुकुट घालून घेतला. ग्रेगरीला सोडवायला आलेल्या, दक्षिण इटलीतल्या नॉर्मन योद्ध्यांनी रोम लुटलं, जाळलं. त्यामुळे रोमकरांना ग्रेगरी नकोसा झाला आणि तो त्यांच्याबरोबर दक्षिणेला निघून गेला. मे 1085 मध्ये सालेर्नोला तो वारला. शेवटचे शब्द सांगतात ते असे: मी न्यायावर प्रेम केलं, अन्यायाचा द्वेष केला, म्हणून परदेशात मरतोय.

हेन्री आणखी एकवीस वर्षं जगला. पण बहिष्कार सुटला नाही. कातड्यावरून आल्प्स उतरलेला कोनराड मोठा होऊन बापाविरुद्ध गेला आणि बापाच्या आधी मेला. मग धाकटा, पुढचा हेन्री पाचवा, 1104 च्या अखेरीस तोही फिरला. बापाला दिलेली शपथ? बहिष्कृताला दिलेली शपथ बांधत नाही. तेच शस्त्र, आता मुलाच्या हातात. त्याने बापाला कैद केलं, राज्य सोडायला लावलं. म्हातारा निसटला, आजच्या बेल्जियममधल्या लिएजला गेला, पुन्हा माणसं जमवू लागला आणि 7 ऑगस्ट 1106 ला तिथेच मेला. मुलाला निरोप ठेवला की मला श्पायरला, माझ्या माणसांजवळ पुरा.

लिएजच्या बिशपने त्याला आपल्या कॅथेड्रलमध्ये पुरलं. वरून हुकूम आला, उकरून बाहेर काढा. काढलं, आणि अभिषेक न झालेल्या जागेत ठेवलं. आणि इथे त्या काळच्या नोंदीत एक गोष्ट येते, जिच्यासाठी मी हा सगळा लेख लिहायला बसले. आसपासचे लोक त्या शवपेटीजवळ येऊ लागले. तिला हात लावला तरी पुण्य, असं मानू लागले. त्याच्या कबरीची माती नखांनी उकरून शेतात आणि घरात टाकू लागले. आणि शेतकऱ्यांनी पेरणीचं बी आणून त्या पेटीवर ठेवलं, म्हणजे ते नव्या बियाण्यात मिसळलं की पीक चांगलं येईल.

बहिष्कृत माणसाची पेटी. जिच्याजवळ मिस्सा म्हणायची नाही. तिच्यावर बी.

पेटी मग श्पायरला आली. लोकांनी मिरवणुकीने ती कॅथेड्रलमध्ये नेली, बिशपने बाहेर काढायला लावली, आणि ती या चॅपलमध्ये येऊन थांबली. 1111 मध्ये हेन्री पाचव्याने पोपलाच कैदेत टाकून आपल्याला हवं ते मिळवलं, त्यात बापाच्या दफनाची परवानगीही आली. 7 ऑगस्टला, बरोबर पाचव्या पुण्यतिथीला, बापाला त्याच्या बापाच्या शेजारी ठेवलं. 1900 साली समाध्या उघडल्या तेव्हा त्याच्या डोक्यावर सोन्याचा मुलामा दिलेला तांब्याचा मुकुट होता. जवळच्या संग्रहालयात तो काचेत ठेवलाय. पातळ पत्र्याचा, दफनासाठीच केलेला.

त्याच आठवड्यात हेन्री पाचव्याने श्पायरच्या नागरिकांना एक सनद दिली. मेलेल्या माणसाच्या वारशातून धनी आपला वाटा उचलत असे, तो कर रद्द केला. अट एकच. दर वर्षी माझ्या वडिलांच्या पुण्यतिथीला सगळ्यांनी हातात मेणबत्त्या घेऊन कॅथेड्रलमध्ये जमायचं, आणि प्रत्येक घरातून गरिबांसाठी एक पाव द्यायचा. सनद कॅथेड्रलच्या दरवाज्यावर सोन्याच्या अक्षरांत लावली होती.

प्रत्येक घरातून. म्हणजे प्रत्येक घराचं दार त्या दिवशी उघडणार.

आपल्याकडे मुंबई राज्याने बहिष्काराविरुद्ध 1949 साली कायदा केला होता. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द ठरवला. नंतर महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला, तो 2016 चा. मधल्या काळात किती बैलगाड्या पावसातून गेल्या असतील, असं मला ती सनद वाचताना वाटलं.

गेल्या वर्षी आई आली होती. तिला तळघराच्या पायऱ्या नको होत्या, म्हणून आम्ही दोघी चॅपलमध्येच बसलो. आजीची गोष्ट तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक, तिने ती शंभरदा ऐकलेली. मी तिला हेन्रीची सांगितली, जमेल तशी, हळू आवाजात. कानोसाचं तिने शांतपणे ऐकलं. मुलगा उलटला तिथे नुसती मान हलवली. लिएजच्या शेतकऱ्यांपाशी आले तेव्हा तिने मला थांबवलं.

"बी कसलं होतं?"

"गहू असेल, नाहीतर राय. इकडे थंडीच्या आधी पेरतात."

"आणि तो मेला कधी?"

"ऑगस्टात."

तिने बोटांवर महिने मोजले.

"म्हणजे पेरणीला दीड-दोन महिने होते," ती म्हणाली. "मग पेरलं असेल त्यांनी ते."